समीकरणातला एम

जिंतूरच्या एका कॉलेजात शालू रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितकाच पगार, आणि वर्ग संपले की उन्हाळाभर तोही नाही. अभिक्रियेचा वेग शिकवायची वेळ आली की ती फळ्यावर आधी एक ओढा काढते. ओढ्यावर एक अरुंद पूल. अलीकडे खडूचे पुष्कळ ठिपके. ती मेंढरं.

"माळावर मेंढरं कितीबी पळू देत," ती म्हणते, "सगळा कळप पलीकडं जायला किती वेळ लागेल, हे कशावर ठरतं?"

"कुत्र्यावर!" मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी ओरडतं.

"कुत्रं पुलापर्यंत कामाचं. पुलावर त्यालाबी रांगेतच चालावं लागतं."

वर्ग हसतो. मग ती पुलाभोवती गोल काढते आणि सांगते, की अभिक्रिया बहुधा एका दमात होत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी होते, आणि सगळ्यात सावकाश पायरी तिचा वेग ठरवते. बाकीच्या पायऱ्या कितीही चपळ असोत, त्या एका जागी सगळ्यांना ताटकळावं लागतं. मुलं लिहून घेतात. तो ओढा खरा आहे, पूलही खरा आहे, आणि ते ठिपके आपल्या वडिलांचे आहेत, हे ती सांगत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. वर्गात सांगितलेली गोष्ट मुलांची होऊन जाते, आणि तिच्या बापाची, बिरूची मेंढरं अजून बिरूची होती.

बिरू उंच, वाळलेला माणूस. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतो, कारण तिथं कुठंतरी एखादं मेंढरू असतं. त्याचा कळप उन्हाळ्यात आबासाहेबांच्या रानात बसायचा. आबासाहेबांची जमीन हमरस्त्याला लागून. कापूस निघाला की रान मोकळं व्हायचं. मग रात्री मेंढरं तिथं जाळीत कोंडायची, त्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं आणि बदल्यात बिरूला ज्वारी, विहिरीचं पाणी आणि बांधावरच्या थोरल्या लिंबाची सावली. हे बिरूच्या बापानं आबासाहेबांच्या बापाशी तोंडी ठरवलेलं होतं आणि नंतर कुणी पुन्हा ठरवायच्या भानगडीत पडलं नव्हतं. ऊन चढलं की कळप आपल्या पायानं लिंबाखाली यायचा. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहायची, बिरू घोंगडीवर आडवा व्हायचा, आणि शंभर पावलांवरून ट्रक धूर सोडत नांदेडकडे नाहीतर जालन्याकडे जात राहायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याला खोकला धरला. मग धाप लागायला लागली. जिंतूरच्या डॉक्टरांनी दमा सांगितला, छातीत ओढायचा पंप लिहून दिला आणि म्हणाले, धूळ टाळा, धूर टाळा, मोकळ्या हवेत राहा.

"पंप सायकलला लागतो," बिरू बाहेर येऊन म्हणाला. "मी काय पंचर झालोय?"

त्याच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं पंप घेतला आणि वर्षभरात त्याच्या पोरांनी मेंढरं विकली. पंप आला की मेंढरं जातात, असा बिरूनं त्याचा अर्थ लावला होता. त्यानं तो पंप मेंढरांच्या पाण्याच्या टोपात टाकून दिला. सुगंधाबाईनं, म्हणजे शालूच्या आईनं, तो बाहेर काढला, पदरानं पुसला आणि आपल्या चंचीत ठेवला. चुन्याची डबी, सुपारी, तंबाखू आणि पंप. चंची कमरेला. यावर ती कुणाशी एक शब्द बोलली नाही.

शालूनं मात्र डॉक्टरांच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य घट्ट धरलं. मोकळ्या हवेत राहा. हमरस्त्याकडेचं रान ही मोकळी हवा नव्हती, हे कळायला रसायनशास्त्र लागत नव्हतं. डिझेलचा धूर नाकाला कळत होता. शिवाय फाल्गुनात आजूबाजूचे लोक कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवत, तेव्हा दोन-दोन दिवस रान धुमसायचं. चारठाण्याच्या पुढं माळावर सुगंधाबाईच्या भावाची पडीक जमीन होती. खाली ओढा, वर उघडा माळ. रस्ता नाही, गाडी नाही. शालूनं ठरवलं, कळप तिकडं न्यायचा.

"आन् आबासाहेबाला काय सांगू?" बिरू म्हणाला. "तुज्या लिंबाखाली माझा जीव घुसमटायलाय म्हणून?"

"खरं हाय तेच सांगा."

"खरं काय हाय ते तुला ठावं. तू शिकलेली."

आबासाहेबांना तीच सांगायला गेली. त्यांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी म्हणता तर असंल, शालूबाई. आमीबी तीच हवा खायलोय साठ वर्सं. आमाला आता कुठं न्यायलाव?" त्यात टोमणा होता, आणि दुखावलेपणही.

बिरू हटेना, तेव्हा शालू जे बोलायचं नाही ते बोलून गेली. मेंढरं विकून टाका. मी आहे. खोलीत राहा माझ्याकडं.

सुगंधाबाई चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली आणि निखाऱ्याला लावली.

"मिरग लागंस्तोवर माळावर राहतो," शेवटी बिरू म्हणाला. "तिथं दम लागला न्हाई, तर तू विकायचं नाव पुन्यांदा काढायचं न्हाई."

"आन् लागला तर?"

"लागला तर वीक."

तो हे बोलला तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. त्या रानात, त्या क्षणी, बापलेकींमध्ये एक पैज लागली, आणि पैजेवर एक अख्खा कळप उभा राहिला.

माळावर कापडाचं पाल पडलं. शालू दर रविवारी सकाळच्या बसनं चारठाण्याला उतरायची आणि पुढं चालत जायची. दहाच्या आत पोचायची. बिरू तोवर कळप फिरवून आलेला असायचा, ताठ उभा, आवाज मोकळा.

"कसं वाटतंय?"

"लय ब्येस. कापसागत हलकं वाटायलंय."

ती आईकडे बघायची. सुगंधाबाई कोकराच्या तोंडाला लागलेली माती पुसत असायची. मग शालू भाकरी खाऊन, ऊन व्हायच्या आत परतीच्या वाटेला लागायची. पैज आपण हरतोय याचा तिला आनंद व्हायचा. आनंदात माणूस फार बारकाईनं बघत नाही.

एप्रिलमध्ये एकदा कॉलेजात कसलीशी परीक्षा होती आणि तिला मधल्याच वारी सुट्टी मिळाली. ती न सांगता निघाली. बस उशिरा मिळाली, आणि ती माळ चढली तेव्हा दुपार कलली होती. आभाळ निळं नव्हतं. पांढरट, ताणलेलं, कुणी राखेचं पाणी फासल्यासारखं. दूर कळप पांगला होता. आणि त्याच्या अलीकडे बिरू, दोन्ही हातांनी काठी रोवून, तिच्यावर छाती टेकून उभा. खांदे वर जात होते, खाली येत होते. प्रत्येक श्वास आत जाताना कुठंतरी अडकत होता, आणि त्या अडकण्याचा बारीक शीळेसारखा आवाज तिला इतक्या लांबून ऐकू आला.

त्याला ती दिसली. त्यानं काठी सोडून सरळ उभं राहायचा प्रयत्न केला.

"ऊन लागलं," तो तोडत तोडत म्हणाला. "हे... मोजायचं न्हाई."

पालात सुगंधाबाईनं त्याला बसवलं, पाठीवर हात फिरवत राहिली. शालूनं विचारलं, "माय, रोज असंच होतंय?"

बिरूनं बायकोकडं बघितलं. शालूनं आईकडं बघितलं. सुगंधाबाई म्हणाली, "पाणी आन जा. गार बघून."

म्हणजे रोज.

शालू जिंतूरला परतली ती गोंधळून. पैज ती जिंकली होती. पण का, ते तिला कळत नव्हतं. धूर नाही, धूळ नाही, रस्ता नाही. आबासाहेबांच्या लिंबाखाली त्याला खोकला होता, पण असा दम तिनं तिथं पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात शेवटच्या वर्षाला हवेचं रसायन शिकवायचं होतं. ओझोन म्हटलं की मुलांना वरचा थर आठवतो, पृथ्वीवर धरलेली छत्री. खालचा ओझोन, आपण श्वासात घेतो तो, कुणाच्या गावीही नसतो. तो कुठल्याही नळीतून, धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच घडतो, उन्हात. शालूनं फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि त्या बोलून दाखवल्या. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हानं फुटतो. त्यातून ऑक्सिजनचा एकटा अणू सुटतो आणि नायट्रिक ऑक्साइड उरतो. तो एकटा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, ओझोन होतो. आणि उरलेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला भेटला की त्याला खाऊन पुन्हा पहिल्यासारखा डायऑक्साइड होतो. गोल पुरा.

दुसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंना एकेक एम होता. सुकेशनी नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची. शंका आली की ती हात वर करत नसे, सरळ बोलायची.

"मॅडम, हा एम कोण?"

"कुणीही. नायट्रोजनचा रेणू, ऑक्सिजनचा रेणू. शेजारनं चाललेला कुणीही. बघा, तो अणू आणि ऑक्सिजन जोरात भेटतात. भेटीचा जोर त्यांच्यातच राहिला तर तयार झालेला ओझोन त्याच क्षणी फुटतो. हा तिसरा येऊन धडकतो, जास्तीची ऊर्जा अंगावर घेतो आणि निघून जातो. स्वतः बदलत नाही."

"दोन्हीकडं तोच हाय तर खोडून टाकू की. गणितात टाकतो तसं."

"खोडला तर वेग निघत नाही. वेग तिघांवर ठरतो. तो नसला तर त्या दोघांचं जुळतच नाही."

"पण त्याला काय मिळतं मॅडम?"

"ऊब," शालू म्हणाली, आणि वर्ग हसला, म्हणून तीही हसली.

मग सुकेशनी म्हणाली, "म्हंजे बसस्टँडवर तर ओझोनच ओझोन असंल."

"असणारच," शालू म्हणाली.

तिच्या पाठीशी फळ्यावर तिसरी ओळ होती. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली. ती ओळ नेमकं उलटं सांगत होती, आणि ती इतकी वर्षं शिकवून शालूला तोंडपाठ होती. पण जिथं धूर तिथं वाईट हवा आणि जिथं मोकळं तिथं चांगली, ही समजूत समीकरणांच्या कितीतरी आधी अंगात शिरलेली असते. माळावर वाढलेल्या मुलीच्या अंगात तर फारच.

"मोजता येतं का?" सुकेशनीनं विचारलं.

मोजायचं यंत्र कॉलेजात नव्हतं. पण एक जुनी, ओबडधोबड रीत होती. प्रयोगशाळेत मुलांनी मक्याच्या पिठाची खळ शिजवली, तीत पोटॅशियम आयोडाइड मिसळलं, गाळणकागदावर तिचा थर दिला आणि कागदाच्या पट्ट्या कपाटात अंधारात वाळवल्या. ओझोन लागला की आयोडीन सुटतं, खळीला धरतं आणि ओल्या कागदावर जांभळा रंग उमटतो. जितका गडद, तितका जास्त. एक पट्टी सुकेशनीनं बसस्टँडवर वळचणीला सावलीत टांगली. दुसरी, निर्मळ हवेची, तुलनेसाठी हवी होती. ती शालूनं स्वतः माळावर नेली.

पालाच्या आतल्या खांबाला तिनं पट्टी बांधली आणि हात धुऊन येईतो ती शेळीनं खाल्ली.

"मीठ लावलंतं का त्याला?" सुगंधाबाईनं विचारलं.

"तसंच काहीतरी."

"मंग तिची काय चूक?"

जास्तीची आणलेली दुसरी पट्टी सुगंधाबाईनं उंच बांधली आणि दिवसभर शेळीला हाकत पालाशी बसून राहिली. बिरू येताजाता बघायचा. "ही पट्टी कुणासाठी? हवेसाठी का माज्यासाठी?"

"हवेसाठी," शालू म्हणाली.

"मंग तिला सांग, पैजेचं काय बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दोन्ही पट्ट्या पाण्यात बुडवल्या. बसस्टँडची पट्टी कडेला किंचित पिवळसर झाली, मधे पांढरीच राहिली. माळाची पट्टी पाण्यातून वर आली ती वांग्याच्या सालीसारखी.

"बदलल्या वाटतं," सुकेशनी म्हणाली.

बदलल्या नव्हत्या. शालूनं माळाच्या पट्टीच्या दोऱ्याला ओळखीची गाठ मारली होती. तिनं फळ्याकडे बघितलं. तिसरी ओळ पुसायची राहून गेली होती.

ताजा धूर ओझोनला जागेवरच खातो. म्हणून ट्रकच्या मागं तो नसतो. पण तो धूर तिथं थांबत नाही. पेट्रोलच्या वाफा, जळलेल्या रानांचा वास, सगळं घेऊन हवा उन्हातून पुढं सरकते. वाटेत त्या वाफा नायट्रिक ऑक्साइडला परस्पर डायऑक्साइड करून टाकतात, ओझोन न खर्चता. खाणारा असा संपत जातो, घडवणारं ऊन मात्र माथ्यावर असतं. सकाळी काही नसतं. दुपार कलेपर्यंत साचत जातं. आणि साचतं कुठं, तर गावापासून लांब, उघड्यावर, जिथं त्याला खायला ताजा धूरसुद्धा नाही. डोळ्यांना न दिसणारं, नाकाला न कळणारं. त्याच्या मधोमध, सावली नसलेल्या माळावर, तिनं आपल्या बापाला आणून उभं केलं होतं.

आणि लिंबाखाली तो दुपारी पडून तरी असायचा. इथं वर माळावर कळपाला बसायला झाड नाही, म्हणून मेंढरं चालत राहायची आणि त्यांच्यामागं तोही. नेमक्या त्याच तासांत, दमछाक करत, जास्त जास्त हवा आत ओढत.

शालू बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. एका कागदावर माणसाचा दमा तोलता येत नाही, हे तिला कळत होतं. ओलीनं रंग बदलतो. इतर वायूंनीही थोडा येतो. हमरस्त्याची धूळही काही औषध नव्हती. पण पैज मात्र वाकडी होती, एवढं त्या कागदावरून निश्चित कळत होतं. दम लागला तर वीक, असं बिरू बोलला होता, आणि दम लागेल अशीच जागा तिनं निवडली होती.

आता तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं, तर काहीच बिघडणार नव्हतं. मिरग लागला असता. दम सगळ्यांना दिसला असता. बिरू शब्दाचा पक्का. कळप विकला गेला असता आणि तो तिच्या खोलीत, सावलीत, पंख्याखाली आला असता. तिला हवं होतं ते हेच. बापाचा श्वास वाचवायला एक गोष्ट न सांगणं पुरेसं होतं. आणि न सांगणं हे खोटं बोलणं नव्हे, असं म्हणायला माणसाला किती वेळ लागतो? खोलीत तिला झोप लागली नाही, एवढंच. सकाळी ती पट्टी कागदात गुंडाळून बसमध्ये बसली.

ती माळावर पोचली तेव्हा मेंढरं अजून चरत होती. तिनं बापाला बसवलं, पट्टी पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. समीकरणं न सांगता, धुराची वाट सांगितली. सकाळी काही नसतं, दुपारी असतं, इथं तिथल्यापेक्षा जास्त असतं.

बिरूनं पट्टी उचलली, उलटीपालटी केली, हुंगली.

"म्हंजे तू चुकलीस."

"चुकले."

"आबासाहेबाला चहा पिऊन सांगून आलीस. माज्या बापाचा रिवाज मोडलास. आन् चुकलीस."

"हो."

"मंग पैज मी जितलो."

"कुणीच जिंकलं न्हाई, बाबा. दम तर लागायलाच हाय. इथनं खाली चला. पंप घ्या. आन् मी अजूनबी म्हणते, एवढा कळप तुमच्यानं आता..."

"आलीस का फिरून तिथंच!" तो उठला. उठताना धाप लागली, आणि धाप लागली म्हणून तो आणखी चिडला. "हवा तुजी चुकली, जागा तुजी चुकली, आन् विकायची माझी मेंढरं? खामखा? मला खुराड्यात घालायलीस तू! चार भिंतीत बसून काय बघू? तुज्या पुस्तकाचे ठिपके?"

शालूला वाटलं, त्याला फळ्यावरचं कसं कळलं. मग आठवलं, आपणच कधीतरी आईला सांगितलं होतं.

"मेलात तर काय बघणार?" ती ओरडली.

मेंढरांनी माना वर केल्या. त्या क्षणी दोघांच्यात जे काही तयार होऊ पाहत होतं, चूक कबूल केल्यानं, ऐकून घेतल्यानं, ते तिथंच फुटून जाणार होतं.

सुगंधाबाई पालातून बाहेर आली. तिच्या हातात बिरूची काठी होती.

"दुपारची मेंढरं आजपून माझी," ती म्हणाली. "सकाळची तुमची, दिस उतरल्यावरची तुमची. मधी खाली ओढ्यात करंज हायेत, तिथं घोंगडी टाका. मेंढरंबी तिथंच आणते. चालली तर मी चालंन."

"तू राखणार?" बिरू म्हणाला. "तुला तुजी चंची सापडंना. मेंढरं सापडतील व्हय?"

"तुमाला राखलं का न्हाई इतकी वर्सं? तुमी तर मेंढरावानी एका हाकंला येतबी न्हाई."

शालूला हसू आलं. तिनं तोंड फिरवलं. बिरूला ते दिसलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं.

"आन् तू गं," सुगंधाबाई लेकीकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "चुकलीस म्हणायला आलीस, तेवढं म्हण आन् बस. त्यातच दुसरं घालू नको. जिरू दे आधी त्यांला."

"माय, तुला माहीत होतं रोज दम लागतोय. मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुला सांगितलं तर त्यांची मेंढरं जातेत. त्यांला बोलले तर तुज्यावर चिडतेत. मंग मी कुणाला सांगू? शेळीला?"

ती काठी घेऊन चालायला लागली. शालू तिच्या पाठीकडं बघत राहिली. इतकी वर्षं या घरात जे जे झालं, तिचं शिक्षण, खोली घेऊन जिंतूरला राहणं, लग्नाचं विचारणारे कंटाळून गेले तरी कुणी तिला न टोचणं, त्या प्रत्येक वेळी ती आणि बाप जोरात एकमेकांवर आदळले होते आणि काहीतरी मोडायच्या आत टिकलं होतं. ते आपोआप टिकलं असं तिनं धरलं होतं. दोन्हीकडं आई तीच, म्हणून तिला खोडून टाकलं होतं.

पण आईच्या अंगावर गेलेली ती आच कुठं गेली, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. एम बदलत नाही, असं ती शिकवते. हे नीटसं खरं नाही. तो तसाच दिसतो, पण पहिल्यापेक्षा तापलेला असतो.

"माय, थांब," तिनं हाक मारली. "मी येते. सुट्ट्या लागल्या की दुपारची मी राखते. तू बस."

"ये," सुगंधाबाई न वळता म्हणाली. "टोपी आण डोक्याला. उगं काळी पडशील."

ओढ्यात पाणी नव्हतं, पण करंजांची दाट सावली होती. ऊन चढलं तसा बिरू तिथं आला. आपण ऐकलंय असं दिसू नये म्हणून आधी दोन-तीनदा उगाच खालवर करून मगच घोंगडीवर टेकला. कळप सुगंधाबाईनं खाली आणला. अर्धी मेंढरं सावलीत शिरली, अर्धी वळणाआड राहिली. त्यांच्यासाठी झाडं पुरेना. बिरू मान लांब करून बघत होता. वळणाआडची दिसत नव्हती. तो उठायला लागला, आणि छातीत पुन्हा ती शीळ वाजली. तो परत बसला. बराच वेळ तो समोर दिसणाऱ्या मेंढरांवरून नजर फिरवत राहिला, एकेकीच्या पाठीवर थांबत, सावकाश. बोलणं शालूच्या जिभेपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं.

"आबासाहेबाच्या पोराला मेंढरं पायजे व्हती," शेवटी तो म्हणाला. कुणाकडंही न बघता. "खतासाठी. घरचीच ठिवायचं म्हणायलाता."

त्यानं घोंगडीवरचं एक वाळकं पान झटकलं.

"सगळी न्हाई. इथं बसून मला जेवढी दिसतेत, तेवढी ठिवू. जी दिसत न्हाईत ती त्याला देऊ. लिंबाखाली तरी राहतील."

"बरं," सुगंधाबाई म्हणाली.

"आन् निवडंन मी. तुमी दोघी मधी पडायचं न्हाई."

"कोण पडायलंय?"

बिरूचा श्वास अजून चढलेलाच होता. थोड्या वेळानं त्यानं मेंढरांवरची नजर न काढता उजवा हात बाजूला केला, तळवा वर करून. तंबाखू मागताना करायचा तसाच. सुगंधाबाईनं चंची सोडली. तंबाखूच्या पानावर तिचा हात क्षणभर थांबला, पुढं गेला, आणि तिनं त्याच्या तळव्यावर पंप ठेवला.

त्यानं बोटं मिटली.

"हे कसं वढायचं गं, शाले?" तो म्हणाला. "का त्याचंबी समीकरण हाय?"